ताटातून निघालेली रंभा

उत्कर्षानं माप ओलांडून घरात पाऊल टाकलं आणि खालच्या मजल्यावरची मोठी खोली माणसांनी गच्च भरली. दिशा वरच्या मजल्यावर राहायची. तिचे आईबाबा परभणीकडचे, दोघंही हिंजवडीत नोकरीला, आणि नांदे गावातल्या या इमारतीत ते भाड्यानं राहत होते. घरमालकांच्या घरी लग्न, म्हणजे आपल्याच घरी लग्न, असा तिचा हिशोब. लोकांच्या कोपरांखालून वाट काढत ती थेट पुढे जाऊन बसली, ती नेमकी रंभाबाईंच्या मांडीला मांडी लावून.

रंभाबाई म्हणजे नवरदेव निरंजनची आजी. इमारत त्यांच्याच शेताच्या तुकड्यावर उभी राहिली होती, पण तिच्या मागच्या अंगाला दोन म्हशी अजून होत्या आणि त्या म्हशींवरून घरात कुणाला बोलायची सोय नव्हती.

पाटापुढे ताट ठेवलं होतं. ताटात तांदूळ पसरलेले. निरंजननं अंगठीच्या कडेनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं आणि मग पेढे वाटायचे. "काय ठेवलंय रं नाव?" म्हणत बायका पुढे वाकल्या. निरंजननं सावकाश अक्षरं काढली. उत्कर्षा. जे होतं तेच.

"आरं, मग लिवलंस कशाला? तांदूळ खराब केलं नुसतं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

रंभाबाई हसल्या नाहीत. पेढ्याचा अर्धा तुकडा त्यांनी दिशाच्या हातावर ठेवला आणि तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या टायमाला ताटातनं दुसरीच बाई निघाली व्हती."

दिशा सातवीत होती. दर रविवारी सकाळी भैरवनाथाच्या देवळात विठ्ठलराव गुरुजी मुलांची गोष्टींची शाळा भरवत, तिथे ती न चुकता जायची. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या शाळेत मार्क नव्हते, शिक्षाही नव्हती. गावातली मुलं यायची, सोसायट्यांमधली यायची, आणि सभामंडपाच्या गार फरशीवर सगळी एकत्र बसायची. गुरुजींनी या वेळी सांगितलं होतं, "ओळखीच्या मोठ्या माणसाच्या लहानपणाची गोष्ट लिहून आणा. तुम्ही तेव्हा नव्हता, म्हणून विचारावं लागेल. विचारलं की माणूस सांगतो."

पेढा तोंडात विरघळायच्या आत दिशाला आपली गोष्ट सापडली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ती गोठ्यात गेली. रंभाबाई म्हशीला पेंड कालवत होत्या.

"आजी, ताटातनं निघायच्या आधी तुम्ही कोण होता?"

"आँ? काय शिकवत्यात तुला शाळंत?"

"नाव विचारतेय. लग्नाआधीचं."

"ते मी घेत न्हाई."

"का?"

"न्हाई घेत म्हंजी न्हाई घेत. वळख बघू तूच. कशाला मोल नसतं म्हनत्यात?"

"वेळेला."

"न्हाई."

"आईच्या प्रेमाला?"

"शाळंतलं नको सांगू, गावातलं सांग."

दिशानं डोकं खाजवलं. मग परभणीची आजी साड्यांच्या दुकानात म्हणायची ते आठवलं. "हौसेला मोल नसतं! हौस... हौसा?"

रंभाबाईंनी मान खाली घातली आणि पेंड उगीचच पुन्हा कालवली. म्हणजे बरोबर होतं.

मग चार संध्याकाळी दिशा गोठ्याच्या कट्ट्यावर बसून ऐकत राहिली. हौसाचं गाव मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडे. बापाची होडी. होडी अलीकडच्या काठाला असताना गावातून कुणी निघालं की हाक मारून ती बोलवायची, आणि ती हाक हौसानं मारायची. मोठ्या माणसांची हाक अर्ध्या पाण्यात बुडायची. हौसाची मात्र पाणी ओलांडून, डोंगराला धडकून परत यायची. भाताच्या लावणीला बायका पावसासाठी पाठीवर इरली घेऊन वाकल्या की ही बांधावरून एकेकीला नावानं बोलवायची आणि कुणी मान वर केली की लपायची. "लई मार खाल्ला त्या आवाजापायी," रंभाबाई म्हणायच्या, पण म्हणताना त्यांचा चेहरा मार खाल्लेल्या माणसाचा नसायचा.

"लिव तू," शेवटी त्या म्हणाल्या. "पर येक हाय. त्या पोरीला हरवू नको. येकदा हरवलीया ती. दुसऱ्यांदा नको."

"प्रॉमिस," दिशा म्हणाली. प्रॉमिस करायला फार सोपं असतं.

रविवारी रंभाबाई स्वतः देवळात आल्या. हातात नारळ होता, म्हणजे आपण देवाला आलोय, गोष्टीला नाही, असं दिसावं म्हणून. दर्शन झालं तरी त्या गेल्या नाहीत. मागच्या खांबाला टेकून बसल्या.

दिशानं वाचायला सुरुवात केली. होडी आली, हाक आली, डोंगर आला. मुलं खूश होती. कौस्तुभनं तर मधेच तोंडाशी हात धरून हौसासारखी हाक मारून पाहिली आणि गुरुजींनीही त्याला ती मारू दिली. मग लग्न आलं. ताट आलं, तांदूळ आले. दिशानं पुढचं वाचलं: "रंभा पहाटे उठली. रंभानं चूल पेटवली. रंभाला भाकरी नीट येत नव्हत्या."

पुढच्या रांगेत जान्हवी बसली होती, पहिलीतली. तिनं विचारलं, "हौसा कुठं गेली?"

"अगं, हीच ती," कौस्तुभ म्हणाला.

"ही नाही. ही रंभा आहे. हौसा मेली का?"

"मेली नाही गं, नाव बदललं! ताटात नाही का लिहिलं!"

"मग ती ओरडत का नाही आता?"

दिशानं मान वर करून पाहिलं तर खांबापाशी रंभाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठत होत्या.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "मला म्हशींचं बघायचंय." आणि प्रसादाचा नारळ खांबाशीच विसरून त्या निघून गेल्या.

बाकीची मुलं आपापल्या गोष्टी वाचत होती, पण दिशाला एकही ऐकू आली नाही. सगळे गेल्यावर ती गुरुजींपाशी येऊन उभी राहिली.

"मी हरवली तिला," ती म्हणाली. "हरवणार नाही म्हटलं होतं, आणि एका ओळीत हरवली."

गुरुजींनी लगेच समजूत घातली नाही. फरशीवर टेकून त्यांनी चष्मा पुसला. "कुठल्या ओळीत?"

"ताटाच्या."

"सापडली ना ओळ? मग अर्धं काम झालं. आता घाई करू नको. जान्हवीनं काय विचारलं ते लक्षात ठेव. गोष्टीत लहान पोर वाट चुकलं, तर पोर चुकलेलं नसतं, वाट चुकीची काढलेली असते."

पण घाई करू नको म्हटलं की घाई होतेच. त्याच दुपारी दिशानं हौसा हे नाव पहिल्या पानापासून खोडलं आणि सगळीकडे रंभा केलं. एकच नाव, गोंधळच नको. संध्याकाळी ती गोठ्यात गेली. रंभाबाई तिच्याकडे न बघता धार काढत राहिल्या. दिशानं त्यांच्या पाठीलाच वाचून दाखवलं: "रंभा सात वर्षांची असताना होडीच्या टोकावर उभी राहून..."

"थांब थांब. सात वर्साची रंभा?"

"हो."

"कुनी बघितलीया? मी तर न्हाई. रंभा जन्माला आली तवाच सतरा वर्साची व्हती. डोक्यावर पदर घिऊन." त्यांनी कासेला एक हिसडा दिला तशी म्हैसही जराशी सरकली. "आता तर तू पोरगी मुळातनंच काढून टाकलीस."

दिशा रडली नाही. पण पाय आपटत वर गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा खाली आली. आता तिनं शेवटपर्यंत हौसाच ठेवलं होतं. सासरीसुद्धा. "'हौसे, पानी आन,' सासू म्हणाली..."

रंभाबाई एकदम मागे वळल्या. आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. इतक्या की त्यांना दुधाची चरवी खाली ठेवावी लागली.

"आगं लबाडे! त्या घरात हौसा म्हनायची टाप व्हती का कुनाची?"

"का नव्हती?"

"आगं, माझ्या सासूचं बी नाव त्येच की!"

दिशानं कागद खाली घेतला.

"आता समजलं का?" रंभाबाई चरवीपाशी बसल्या. "आत्याबाईंचं नाव आनि माझं नाव येकच. सुनंला सासूच्या नावानं कोन हाक मारनार? म्हनून ताटात रंभा लिवलं. आनि सुनंनं सासूचं नाव तोंडातनं काढायचं नसतं. मंग माझं मी तरी कसं काढनार? मनातल्या मनात बी घ्यायचं भ्या वाटायचं, तोंडातनं निसटलं तर! आत्याबाई जाऊन किती वर्सं झाली, तरी न्हाई आलं ते तोंडावर. आता सवय मोडली."

म्हणजे 'मी ते घेत नाही' हे त्या रुसून म्हणाल्या नव्हत्या. त्यांना स्वतःचं नाव उच्चारायची मनाई होती. दिशाला ताटावरचे तांदूळ आठवले. एवढ्याशा तांदळांखाली एक अख्खी मुलगी कशी झाकली गेली, ते तिला आता दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींच्या घरी गेली. ते बाल्कनीत मेथी निवडत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. गुरुजींनी अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवली.

"सासरची माणसं तिला काय म्हणत होती?"

"रंभा."

"मग त्यांच्या तोंडी रंभाच घाल. ते खरंच आहे. पण गोष्ट कोण सांगतंय?"

"मी."

"तू कुणाच्या बाजूला उभी आहेस? ताट धरणाऱ्यांच्या, की तिच्या?"

"तिच्या."

"मग लोकांनी नाव बदललं म्हणून तू लगेच कशाला बदलतेस? ते म्हणोत रंभा. तू हौसाच म्हण. वाचणाऱ्याला आपोआप कळेल की हाक एकीला मारतायत आणि उभी दुसरीच आहे." ते मेथीच्या काड्या बाजूला सारत म्हणाले, "पण ती जन्मभर तशीच नाही राहिली. आज तिला रंभाबाई म्हटलं तर वळते की नाही?"

"वळते."

"मग कधीतरी पहिल्यांदा वळली असेल. तो दिवस शोध. तिथे बदल नाव, एकदाच. आणि बदलताना वाचणाऱ्याचा हात धर. मधल्या पाण्यात सोडू नको त्याला."

"तो दिवस मला कसा कळणार?"

"तुला नाही कळणार. तिला विचार. पण धार काढताना नको."

दिशानं वाट पाहिली. गुरुवारी दुपारी रंभाबाई ओट्यावर निवांत बसल्या होत्या, उत्कर्षा त्यांच्या पायाला तेल चोळत होती. दिशानं हळूच विचारलं, "आजी, तुम्ही रंभा कधी झालात? ताटातलं नाही. खरं खरं."

उत्कर्षाचे हात थांबले.

"पैल्या वर्सी तर मला समदी भैरी समजायची," रंभाबाई म्हणाल्या. "'रंभे, रंभे' वरडायची आनि मी आपली वैरन टाकतीया. मला काय ठावं, मला बोलवत्यात! आत्याबाई गावभर सांगायच्या, सून ग्वाड हाय पर कानानं अधू हाय. ह्यांनी तर पौडला डागदराकडं नेलं कान दाखवाया. रोज रातच्याला लसनाचं त्याल."

"कानात?" उत्कर्षा ओरडली.

"तर! चांगल्या कानात. तुझं बरं हाय बाई, तुझ्या नवऱ्याला तांदळात नवं कायतरी सुचलं न्हाई."

तिघीही हसल्या. मग रंभाबाई हसायच्या थांबल्या, पण बोलत राहिल्या, आणि त्यांचा आवाज होडी काठाला लागावी तसा हळू झाला. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते दिशानं त्याच संध्याकाळी लिहून काढलं.

रविवारी दिशा देवळात पोहोचली तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं. तिनं रंभाबाईंना यायला सांगितलं होतं आणि त्या "बघू" म्हणाल्या होत्या. मोठी माणसं बघू म्हणाली की बहुतेक वेळा येत नाहीत. गुरुजींनी तिची पाळी मुद्दाम मागे ठेवली. शेवटून दुसरी गोष्ट संपत आली तेव्हा उत्कर्षाचा हात धरून रंभाबाई पायऱ्या चढल्या. आज नारळ नव्हता.

दिशानं वाचायला घेतलं. होडी, हाक, डोंगर. मग ताट. जान्हवी सावध होऊन बसली.

"ताटात रंभा लिहिलं," दिशानं वाचलं. "पण हौसा हौसाच होती. 'रंभे, पाणी आण,' सासूबाई म्हणाल्या. हौसानं इकडे-तिकडे पाहिलं. ही रंभा कोण, आणि ती पाणी का आणत नाही?"

मुलं खदखदून हसली. जान्हवी सगळ्यांत मोठ्यानं. पौडची वारी झाली, लसणाचं तेल झालं. सगळे रंभा म्हणत राहिले आणि दिशा हौसा म्हणत राहिली, आणि या वेळी कुणीही विचारलं नाही की हौसा कुठे गेली. ती तिथेच होती, त्या घरात, चुलीपुढे. फक्त ती आता ओरडत नव्हती. का, तेही मुलांना कळलं होतं.

मग दिशानं आवाज थोडा खाली आणला, कारण तो भाग तिला तसाच सांगितला गेला होता.

"मुलगा झाल्यावर काही दिवसांनी हौसा माहेरी निघाली. बाळ खांद्यावर होतं. ती अलीकडच्या काठावर होडीची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात बाळाला उचकी लागली, म्हणून ती पाण्याकडे पाठ करून त्याला थोपटू लागली. पलीकडच्या काठावर तिची आई आली होती. आईनं हाक मारली, हौसेऽऽ. हाक पाण्यावरून आली, पार अलीकडे आली. हिनं ऐकली. आणि हिला वाटलं, कुणीतरी कुणालातरी बोलावतंय. आईनं पुन्हा हाक मारली. ही वळली नाही. होडी काठाला लागली तेव्हा आई उतरून समोर उभी राहिली आणि म्हणाली, 'लोकं म्हनत्यात ते खरं हाय का गं? तुला ऐकू येत न्हाई?' तेव्हा तिला समजलं. सासरी तिला एका नावानं ऐकू येत नव्हतं, आता माहेरी दुसऱ्या नावानं येत नव्हतं. ती आईच्या गळ्यात पडली. होडीत बसली ती रंभा होती."

पुढे थोडंच होतं. रंभानं घर सांभाळलं, म्हशी सांभाळल्या, नातवाचं लग्न केलं. ते संपलं आणि दिशानं कागद खाली ठेवला. मान वर करायचं तिचं धाडस झालं नाही.

"आई होडीतनं उतरली न्हवती," खांबाकडून आवाज आला. "होडीतच हुभी व्हती. उतरायला गुडघं धरायचं तिचं."

"बदलते, आजी," दिशा घाईनं म्हणाली.

"बदल. बाकीचं हाय तसंच व्हतं."

दिशानं आता वर पाहिलं. रंभाबाई उठल्या नव्हत्या. खांबाला पाठ टेकून, पाय पसरून, घरी बसतात तशा बसल्या होत्या.

जान्हवी मात्र उठली. फरशीवरून चालत ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आजी, तुमचं नाव काय?"

कौस्तुभ कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, आत्ता एवढं वाचलं ना तिनं!"

"तिनं वाचलं. यांनी नाही सांगितलं."

गुरुजींनी कौस्तुभच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गप्प बसला. उत्कर्षा आजेसासूच्या तोंडाकडे बघत राहिली. दिशाला वाटलं, आता त्या म्हणतील, मला म्हशींचं बघायचंय.

रंभाबाईंनी पाय जवळ घेतले. खांद्यावर घसरलेला पदर डोक्यावर ओढून नीट केला, समोर सासू बसली असावी तसा. ओठ एकदा हलले, मिटले.

"हौसा," त्या म्हणाल्या.

आवाज अगदी लहान निघाला. पाण्यापलीकडे जाणारा तो आवाज नव्हे. पण देवळात तो सगळ्यांना ऐकू गेला. मग त्यांनी देवळाच्या दारातून बाहेर, उंच आभाळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"आत्याबाई, माफी असावी. माझंच घेतलं हां. तुमचं न्हाई."